खालच्या ओळी

लाइट गेली त जाऊ द्या, पोट्टेहो. सरकून बसा. शालू, मोबाईलची बत्ती बंद कर. आपल्या कुलदीपची सांगतो, माह्या सख्ख्या भाच्याची. झालेली गोष्ट आहे.

पवनीतल्या एका राईस मिलमध्ये कुलदीप अन् त्याचा दोस्त जीवन, दोघंच कम्प्युटरचं पाहत. एका डब्यात जेवणारे. सर्व्हर अटकला का तो स्वतःच चूक लिहून ठेवते, ओळीखाली ओळ. वरच्या ओळीत, काम कुठी पडलं. खाली खाली वाचत गेलं का समजते, कोणी ढकललं. जीवन स्क्रीनवर बोट फिरवत वाचे. कुलदीप चिडे, "काच काहून खराब करतो बे?"

मिलमधली रीत अशी, का स्क्रीनचा फोटो काढायचा अन् कम्प्युटरवाल्या कंपनीच्या माणसाले व्हॉट्सअपवर धाडायचा; चूक कोणाची ते तोच मालकाले सांगे. यंदा दिवाळीत साऱ्या धानाची नोंद उडाली. वरच्या ओळीत जीवनचं काम. सगळ्यात खाली कुलदीपचं नाव, म्हणजे ढकलणारा हाच. कुलदीपनं फोटो खालून कापला अन् धाडला.

मालकानं जीवनले त्याच सांजेले काढलं. "पूर्ण पाहा जी, खाली पाहा," तो म्हणत रायला. कुलदीप बाजूलेच उभा होता. त्यानं मोबाईल खिशात टाकला. त्याच राती जीवनची गाडी वैनगंगेच्या पुलावरून खाली गेली.

मयतीत कुलदीपच सगळ्यात जास्त रडला. मी त्याले पोटाशी धरलं. आता आठवलं का माहं अंग जळते.

मंग कार्तिक पौर्णिमेच्या राती सर्व्हर पुन्हा अटकला. चालू करून येतो म्हणून कुलदीप एकटाच गेला. स्क्रीनवर तीच चूक. तारीखही दिवाळीचीच. त्यानं फोटो काढला, खालून कापला, धाडला.

लगेच कंपनीच्या माणसाचा फोन आला.

"आज पूर्ण पाठवला भाऊ, बरं केलं."

"मी... अर्धाच धाडला."

"नाही ना. शेवटच्या ओळीत तुमचं नाव आहे."

कुलदीपनं मोबाईल पाह्यला. फोटो पूर्ण होता. मान वर केली. स्क्रीन ओली होऊन रायली होती. एकेक ओळ. वरून खाली. कोणी बोट फिरवून रायलं होतं... हळू.

"जीवन...?"

...

बोट थांबलं. कुलदीपच्या नावाखाली.

पळत माह्याच घरी आला. सारं कबूल केलं. मी त्याले पाणी देल्लं नाही. ज्याच्या डब्यात जेवला त्यालेच बुडवलं यानं! सकाळी मालकापुढं उभा केला, जीवनच्या मायपुढं उभा केला. जीवनचं नाव साफ झालं.

कुलदीपचा तो मोबाईल आता माह्या कपाटात आहे. बॅटरी कवाची उतरली. रोज राती काच पुसून, कुलूप लावून ठेवतो.

सकाळी काचेवर खालच्या बाजूले एक बोट उमटलेलं रायते. ओलं.

नाव त साफ झालं ना... मंग अजून काय दाखवून रायला तो?