अर्ध्या चढावर

लाईट काही लवकर येत नाही, आणि या उकाड्यात झोपही लागायची नाही कुणाला. मग सांगतो. पण उद्या मामाला विचारायला जाऊ नका. हा विषय निघाला की तो भरल्या ताटावरून उठतो.

तुमचा मामा गॅरेजवाला. गाडी दारात थांबायच्या आत आवाजावरून तिचं दुखणं सांगणारा. फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार होता. दुपारी टेकडीवर राहणाऱ्या शाळेतल्या बाई गाडी घेऊन आल्या. जुनीच, पण त्यांनी नुकती घेतलेली.

“इंजिन नुसतं ओरडतं हो,” बाई म्हणाल्या. “गाडी मात्र जागची हलत नाही.”

“क्लच प्लेट गेली असणार. जळका वास येतो का?”

“अजिबात नाही. आणि दिवसा काही होत नाही. अंधार पडला की आमच्या चढावरच होतं.”

“म्हणजे गाडी रातांधळी झाली म्हणायची,” मामा हसला. “क्लचच्या पेडलवर पाय ठेवून चालवायची सवय नाही ना?”

“अहो, मी चाळीस पोरांना शिस्त लावते. माझ्या एका पायाला नाही लावणार?”

मामाने हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. प्लेट घसरत असती तर इंजिन तसंच चालू राहिलं असतं. पण ते हिसका देऊन बंद पडलं. म्हणजे पकड शाबूत. केबल पाहिली, खाली शिरून तेल गळतंय का पाहिलं. सगळं ठणठणीत. फक्त डाव्या सीटपुढे, पाय ठेवतात तिथे, दोन लोखंडी पट्ट्या कापलेल्या दिसल्या. गाडी शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक असतात ना, ते कुणीतरी कापून टाकले होते. म्हणजे ही गाडी पूर्वी ड्रायव्हिंग स्कूलची. बाईंना त्याचा पत्ताच नव्हता.

“गाडी राहू दे,” मामा म्हणाला. “अंधार पडल्यावर मीच चढावर नेऊन बघतो आणि तुमच्या दारात लावतो.”

रात्री गॅरेज बंद करून तो निघाला. मोबाईल डाव्या सीटवर टाकला, काच खाली केली, शीळ घालत निघाला. हमरस्त्यावर गाडी लोण्यासारखी पळाली. मग बाईंच्या गल्लीत वळली.

गल्ली कसली, दोन उंच भिंतींमधली चिरच ती. एक गाडी जेमतेम मावेल एवढी. वरती बाईंचा दिवा. मागे, उताराच्या तोंडाशी, हमरस्ता. त्यावरून ट्रक धडधडत जात होते.

अर्ध्या चढावर इंजिन ओरडलं. गाडी थांबली.

मामाने नाक वर केलं. जळका वास नाही. त्याने पाय पाहिला. पाय बाजूला होता.

क्लचचं पेडल मात्र पार खाली गेलेलं.

त्याने बूट खाली घालून ते वर उचललं. ते आलं... आणि पुन्हा हळूच खाली गेलं. कुणीतरी सावकाश दाबावं तसं.

गाडी मागे सरकली. त्याने ब्रेक मारला. हँडब्रेक ओढला, पण त्या चढाला तो पुरेना. पहिला गिअर टाकून इंजिन बंद केलं. गिअर धरून ठेवेल म्हणून. पण क्लच दाबलेला. गिअर धरणार कसा?

दार उघडलं. चार बोटं उघडलं आणि भिंतीला टेकलं. खिडकीबाहेर हात काढला. भिंत. पाय ब्रेकवरून उचलायची सोय नाही. मागे ट्रक.

मोबाईल वाजला. बाईच असणार. डाव्या सीटवर उजेड लुकलुकत होता. हातभर अंतर.

मामाने हात पुढे केला... आणि मागे घेतला.

का, ते त्याला आजही सांगता येत नाही.

रिंग थांबली. मग गल्लीत काहीच नाही. आणि त्या शांततेत... डावीकडे कुणीतरी श्वास सोडला. मोठ्या पोटाच्या, थकलेल्या माणसासारखा.

मामाची मांडी थरथरायला लागली. पाय किती वेळ धरणार? घाम डोळ्यांत गेला. तो डावीकडे न बघता बोलला.

“सर...”

त्याने ब्रेक आणखी दाबून धरला.

“सर, मी शिकाऊ नाही. येतं मला. गाडी मागे जाऊ देणार नाही मी.”

पेडल पार खालीच.

“पाय काढा, सर. घरी पोरं आहेत माझी.”

मग पेडल हललं. अगदी थोडं वर आलं. मामाने चावी फिरवली. पेडल अर्ध्यावर येऊन थांबलं, गाडीचं नाक उचललं, अंग थरथरलं. जिथे पकड लागते, नेमकं तिथे. शिकवणारे धरून ठेवतात तसं. आणि मग... सुटलं.

गाडी एका दमात वर गेली.

बाई फाटकात उभ्याच होत्या. “अहो, फोन का नाही उचलला?” मामाने काच चढवून गाडी लॉक केली, चावी त्यांच्या हातात दिली आणि पायऱ्यांच्या वाटेने चालत घरी आला. मोबाईलसुद्धा घेतला नाही. रात्रभर दिवा लावून बसला होता, तुमच्या मामीला विचारा.

सकाळी लख्ख उन्हात आम्ही दोघं मोबाईल आणायला गेलो. गाडी लॉकच होती, चावी बाईंकडे. रात्रीपासून कुणी हात लावला नव्हता. मी काचेतून आत डोकावलो.

डाव्या सीटचा पट्टा लावलेला होता. खटक्यात, नीट.

आणि सीटवर पडलेला नव्हता, रे. पुढे ताणून, फुगून... तसाच उभा होता.

पोटावरून घेतल्यासारखा.