चार वीसचं निळं घड्याळ

आमच्या शोरूममधल्या विक्रीच्या प्रत्येक घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झालेली असतात. चावी बाहेर ओढून काटे थांबवायचे, हे माझं रोज सकाळचं काम. म्हणून मॅनेजरकाका मला ‘दहादहा’ म्हणतात. पण तिसऱ्या कपाटातलं निळं घड्याळ आठवडाभर ऐकत नव्हतं. संध्याकाळी दहा-दहाला लावावं, तर सकाळी काटे चार वीसवर... चावी ओढलेली असूनही!

त्या दुपारी एक तरुण आला, तेव्हा माझं लक्ष सहज भिंतीवरच्या, वेळ बघायला ठेवलेल्या चालू घड्याळाकडे गेलं. चार वीस.

“ही तिन्ही मी डिझाईन केलीत,” तिसऱ्या कपाटातल्या निळ्याकडे आणि त्याच्या शेजारच्या दोन घड्याळांकडे बोट दाखवत तो म्हणाला.

“मग या निळ्यातलं भूतही तुमचंच असेल,” मी म्हटलं.

तो हसला. “ही कंपनी शिस्तीची, म्हणून घड्याळ हेडमास्तरांसारखं. ही मिरवणारी, म्हणून लग्नातल्या मावशीसारखं... सगळे दागिने एकदम!”

“आणि निळं?”

“ती कंपनी नवी होती, तिला स्वभावच नव्हता. मग मी एक मुलगी कल्पिली. बोलताना मान कलवणारी, म्हणून बाराचा आकडा तिरका. डाव्या भुवईखाली तीळ, म्हणून दोनच्या खाली हा ठिपका...” त्याने वर पाहिलं आणि त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर अडकली.

माझी मान कललेली होती. माझं बोट माझ्याच डाव्या भुवईखालच्या तिळावर गेलं.

“मला कुठे पाहिलंत?”

“कुठेच नाही—” तो म्हणाला. “सहा वर्षं मनातल्या मनात तिच्याशी बोलतोय.”

मी घाबरले होते आणि खरं सांगायचं तर तो मला आवडलाही होता. पण सहा वर्षं ज्याला ‘ती’ हवी होती, त्याला मी कशी पुरणार?

“ती घोरते?” मी विचारलं.

“छे!”

“मी घोरते. आई दार लावून घेते. भांडण झालं तर वर्षभर विसरत नाही. यातलं काय आहे तुमच्या घड्याळात?”

त्याने निळ्या घड्याळाकडे पाठ केली. “काहीच नाही. तिचं मला सगळं पाठ आहे हो... तुमचं काहीच माहीत नाही. मला तुमचं ऐकायचंय.”

कपाटात काहीतरी टिकटिकत होतं, ते थांबलं. आम्ही दोघांनी वळून पाहिलं. निळ्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि दोनखालचा ठिपका नव्हता.

मी पटकन भुवई चाचपली. माझा तीळ जागच्या जागी होता.

“उद्या चार वीसला या,” मी म्हटलं. “मी वाट बघेन.”