गावकऱ्यांचा भाव

लिफ्ट तपासणं हे माझं काम. तार झिजली की पाळणा खाली येतो; यापलीकडचं गूढ मी कधी मानलं नाही. म्हणून जे घडलं ते, पोलीस चौकीत सांगितलं तसंच, क्रमाने सांगतो.

आईच्या माघारी ताईनेच मला वाढवलं. सुट्टीवर म्हणून ती जन्मात कुठे गेली नव्हती. ती निवृत्त झाल्यावर मी तिला तळ्याकाठच्या एका थंड गावी नेलं. तेही हंगाम संपल्यावर, कारण तेव्हा खोल्या स्वस्त मिळतात हे तिनेच शोधून काढलं होतं. बॅगेत घरचा साबण, घरची चहापत्ती, सुतळीसुद्धा. ताईशी घासाघीस झाली की दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे आशेने बघायचा.

गाव धुक्यात बुडालं होतं. छपरांवरून पाणी ठिबकत होतं, निम्मी दुकानं बंद. थंडी आमच्या अंदाजापेक्षा जास्त निघाली. मोठ्या रस्त्यावरचे लोकरी कपड्यांचे भाव ऐकून ताईने हात मागे घेतला. मागच्या गल्लीत जुन्या कपड्यांचं एक दुकान सापडलं. आत ओल्या लोकरीचा आणि डांबरगोळ्यांचा वास. शिवणयंत्रावरच्या बाईने काही न विचारता एक तपकिरी कोट काढून दिला.

ताईचा डावा खांदा लहानपणी मोडून खाली बसलेला. तयार कपडा तिला कधी धड बसला नाही. हा बसला. डावी बाजू नेमकी दोन बोटं उतरती शिवलेली होती. योगायोग, मी म्हटलं. ताईने निम्म्या किमतीला मागितला आणि बाई लगेच हो म्हणाली. भांडायला न मिळाल्याने ताई जराशी हिरमुसलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाल्याने तिला पाहताच जाड सालीचा छोटा पाव कागदात गुंडाळून पुढे केला. रांगेतल्या आमच्या पुढच्या प्रवाशाकडून त्याने त्याच पावाचे दुप्पट घेतले होते. फळवालीकडेही तेच. ताई भलतीच खूश.

“बघ, मला गावकऱ्यांचा भाव लागतोय. तू तोंड उघडू नकोस, नाहीतर पितळ उघडं पडेल.”

मी हसलो. ते माझं त्या गावातलं शेवटचं हसणं.

तिसऱ्या दिवशी पोस्टमनने सायकल थांबवून छप्पर गळायचं थांबलं का, असं तिला विचारलं. ताई म्हणाली, थांबलं, पण स्वयंपाकघरात अजून बादली ठेवावी लागते. तो गेल्यावर मी विचारलं, कुठलं छप्पर? ती गोंधळली. असंच तोंडात आलं, म्हणाली. पण पुढे धुक्यात ती माझ्याआधी वळत होती. मला न दिसलेली डबकी चुकवत होती. एका फाटकाची कडी तिने न बघता आधी वर उचलली, मग ढकलली. आतलं कुत्रं भुंकलं नाही. शेपूट हलवत आलं.

मी तिला दंडाला धरून खोलीवर आणलं आणि कोट काढून घेतला. तिने मुकाट्याने काढू दिला.

“थंडी वाजतेय रे,” एवढंच म्हणाली.

कोट घेऊन मी दुकानात गेलो. पैसे नकोत, पण हा परत घ्या, असं त्या बाईला सांगितलं. तिने खांद्याची शिवण बोटाने चाचपली.

“परत कसा घेऊ? हा विकायचा नव्हताच. गेल्या हिवाळ्यात त्यांनीच खांदा उतरवायला टाकला होता. परवा घेऊन गेल्या. मजुरीसुद्धा निम्मीच दिली.”

मी धावत खोलीवर आलो. तिची बॅग होती. चष्मा होता. ती नव्हती.

दुपारी पाववाल्याच्या रांगेत सापडली. दोन बायकांशी हळू आवाजात बोलत होती.

“ताई.”

तिने वळून पाहिलं. नजरेत राग नव्हता, भीती नव्हती. ओळखही नव्हती.

मी कोट पुढे केला.

“अगबाई, कुठे सापडला हा तुम्हाला?” तिने तो अंगात घातला, बटणं लावली.

मी आईचं नाव घेतलं. आमच्या घराचं, गल्लीचं, तिच्या शाळेचं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

मग पाववाल्याकडे वळून म्हणाली, “पाहुणे आहेत. त्यांना जास्त लावू नका.”