रुखवतातलं घुबड

पत्रिकांचा गठ्ठा घ्यायचा आणि लातूरहून निमूट चाकूरला परतायचं, एवढंच काम गीतांजलीला सांगितलेलं होतं. पण छापखान्यात पाऊल टाकलं आणि तिची नजर कटिंग मशीनच्या खाली गेली. सोनेरी, शेंदरी, मोरपंखी... पत्रिकांच्या कडांची लांबच लांब कात्रणं तिथं ढिगानं पडली होती.

"हे... हे टाकून देता तुम्ही?"

मशीनवरच्या तरुणानं वर पाहिलं. केसांत कागदाचा भुगा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"रद्दीत देतो. कामून?"

"मला पाहिजे."

"किती?"

"सगळं."

त्यानं गठ्ठ्यावरची पत्रिका वाचली. मग तिच्याकडं पाहिलं... आणि उगाचच खाकरला. "नवरी तुम्हीच का?"

"मी न्हाई. ताई हाय नवरी. मी करवली."

"बरं झालं."

"काय बरं झालं?"

"काही न्हाई... पोतं बरं झालं, म्हणलं. नवं हाय. त्यात भरून देतो."

थाप मारताना माणसाचे कान लाल होतात, हे गीतांजलीला ठाऊक होतं. त्याचे कान चांगलेच लाल झाले होते. ती हसली नाही. पण बस चाकूरला पोचेपर्यंत हसू काही जाईना.

ही कात्रणं हवी होती अयोध्याताईच्या रुखवतासाठी. गीतांजली एका मोठ्या फळीवर प्राण्यांचं लग्न मांडत होती. नवरी हरिणी, नवरदेव घोडा, वाजंत्री माकडं. अंगाला पुठ्ठा, पायांना ज्वारीची चिपाडं, झुलींना जुन्या साड्यांचे काठ, डोळ्यांना टिकल्या. वऱ्हाडातला एकेक प्राणी म्हणजे नवरदेवाकडच्या, मुदखेडच्या पाहुण्यांपैकी एकेक माणूस, आणि प्रत्येकापुढं त्याच्या नावाची छापील चिठ्ठी. पाहुणे खूश झाले पाहिजेत, एवढाच तिचा ध्यास होता.

ध्यास कसला, भीतीच ती. दोन वर्षांमागं ताईचं एक लग्न ठरून मोडलं होतं. कारण काय, तर साखरपुड्यात नवऱ्याच्या एका चुलत्याला नुसता टॉवेल मिळाला, टोपी मिळाली नाही. टोपीपायी मोडलेलं ते लग्न ताईनं मनाला इतकं लावून घेतलं की महिनाभर ती कुणाशी धड बोलली नव्हती. तेव्हापासून घरात मानपान हा शब्द निघाला की सगळ्यांच्या छातीत धस्स व्हायचं. हेही लग्न मोडलं तर ताई पुन्हा उभी राहायची नाही, हे गीतांजलीला पक्कं कळून चुकलं होतं.

कात्रणं संपली म्हणून ती पुन्हा छापखान्यात गेली. मग चिठ्ठ्या छापायच्या म्हणून गेली. मग चिठ्ठ्यांचा रंग आवडला नाही म्हणून गेली. रंग चांगला होता, ही गोष्ट वेगळी. मालक त्या तरुणाला 'अमर' अशी हाक मारायचे. तो कमी बोलायचा आणि ऐकायचा मात्र जिवाचे कान करून. त्यामुळं हिची जीभ सैल सुटायची.

"पाव्हण्यांत सगळी बरी हायत हो. नवरदेव तर देवमाणूस. पण ते चुलते हायत ना, रामकिशन गुरुजी... बाई गं! रिटायर हेडमास्तर. सुपारीला आले आन् एकच वाक्य बोलले. 'आमच्याकडं शब्द मोडत न्हाई, आन् मान मोडलेला खपत न्हाई.' त्यांचं नाव घेतलं तरी माझ्या पोटात गोळा येतो."

अमरच्या हातातली चिठ्ठी तिरपी कापली गेली. "एवढं भ्या वाटतं?"

"लई."

"मग त्यांना कोणता प्राणी केलंय तुम्ही?"

"सांगणार न्हाई. लग्नात या, मग बघा."

"कोण म्हणून येऊ?" त्यानं विचारलं आणि तिच्या डोळ्यांत पाहिलं. मशीन एव्हाना बंद होतं. तरी तिला वाटलं, काहीतरी धडधडतंय...

ती उत्तर न देताच निघाली. पैसे द्यायचेही विसरली.

लग्नाच्या दिवशी सकाळी चाकूरच्या मंगल कार्यालयात, एका बाजूच्या खोलीत रुखवत मांडून झालं. मुहूर्त साडेबाराचा. मुदखेडचं वऱ्हाड येऊन समोरच्या हॉलमध्ये चहा पीत होतं. तेवढ्यात गुणाबाई आत्या डोकावली. फळीपाशी आली, डोळे बारीक केले आणि तोंडावर पदर धरून मटकन खालीच बसली.

"अगं ए पोरी... हे काय करून ठिवलंस?"

"काय झालं आत्या?"

"घुबड! लग्नाच्या मांडवात घुबड! आन् म्होरं नाव कुणाचं... रामकिशन गुरुजी!"

गीतांजलीच्या पायाखालची जमीन सरकली. तिनं मोबाइलवर कुठल्याशा परदेशातला व्हिडिओ पाहिला होता. त्यात चष्मेवालं घुबड फळ्यापुढं उभं राहून पिलांना शिकवत होतं. गुरुजींना याहून शोभेल असं काय असणार? तिनं लातूरच्या दाळमिलमधून तुरीची टरफलं आणली, एकेक चिकटवून पिसं केली, तांब्याच्या तारेचा गोल चष्मा वळवला आणि मान म्हणून गुरुजींना पहिल्या रांगेत बसवलं. घुबड म्हटलं की आपल्याकडं लोक काय समजतात, हे तिच्या डोक्यातच आलं नाही! जन्म चाकूरचा, आणि अक्कल मोबाइलची.

तिनं घुबड उपटायला हात घातला. फेविकॉल वाळून दगड झाला होता. ओढावं तर शेजारची हरिणीच मोडत होती, म्हणजे नवरी.

"आत्या, दार लावा... कुणाला येऊ देऊ नका..."

कडी लावायच्या आतच दार उघडलं. दारात अमर उभा होता. नवा कोरा कुर्ता, डोक्याला फेटा. तसलाच फेटा मघाशी नवरदेवाच्या भावकीला बांधलेला तिनं पाहिला होता.

"तुम्ही?"

"मी... अमरेश. नवरदेवाचा धाकटा भाऊ."

धाकटा भाऊ लातूरला कुठंतरी कामाला आहे, सीझनमुळं सुपारीला आला नाही, एवढं घरात माहीत होतं. कुठं कामाला, हे कुणी विचारलं नव्हतं. गीतांजलीला आता आपण बोललेलं सगळं आठवायला लागलं. गुरुजी, पोटातला गोळा... सगळं.

"माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं तुम्ही! आन् नाव सांगितलं न्हाई!"

"कसं सांगू? मुदखेडचं नाव काढलं की तुमचं तोंड उतरायचं. मी म्हणलो, आपण त्यातलेच हाव असं कळलं तर परत याल का न्हाई..." त्यानं गळ्याला हात लावला. "कुणाला एक शब्द सांगितला न्हाई मी. आईची शपथ."

ती रागावणारच होती. पण त्याची नजर फळीवर गेली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. ते पाहून तिचा राग कुठल्या कुठं गेला आणि भीती दुप्पट झाली.

"गीतांजली... शाळेत पोरं काकांना पाठीमागं काय म्हणायची, म्हाईत हाय तुम्हाला?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"हेच. घुबड. एक पोरगं म्हणताना सापडलं, तर त्याला दिवसभर उन्हात उभं केलं होतं काकांनी. आता त्यांना वाटंल, आम्हीच तुम्हाला सांगितलं आन् तुम्ही चारचौघांत टिंगल केली."

बाहेर कावेरीबाईंचा, नवरदेवाच्या आईचा आवाज आला. "चला, रुखवत बघून घेऊ. भावजींना बी बोलवा."

आत्यानं देवाचं नाव घेतलं. गीतांजलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मोडलं... ताईचं लग्न मोडलं मी."

"रडू नका. रडायचं काम मागून." अमरेश गुडघ्यावर बसला. "ही डोक्यावरची दोन टोकं बघा. शिंगं वाटतात का न्हाई?"

"शिंगं?"

"नंदी करू. काका रोज महादेवाला जातात. नंदीला कोण नावं ठेवंल?"

आत्यानं समईच्या वातींचा कापूस पुढं केला. गीतांजली फेविकॉल लावत गेली, अमरेश पिसांवर कापूस दाबत गेला. चोच झाकायला तिनं पत्रिकेचा तुकडा वळवून तोंड केलं. गडबडीत दोघांची बोटं एकमेकांना चिकटली. ती सोडवताना त्यानं वर पाहिलं, तिनंही पाहिलं... आणि अशा जीवघेण्या वेळीही तिच्या अंगावर जो शहारा आला, तो भीतीचा नव्हता. तिला स्वतःचीच लाज वाटली. बहिणीचं लग्न टांगणीला लागलंय आणि आपलं मन कुठं चाललंय!

"चष्मा?" तिनं कुजबुजत विचारलं.

"राहू द्या. वेळ न्हाई."

दार उघडलं. आधी कावेरीबाई आल्या, मग बायकांचा घोळका, मग टॉवेल-टोपीचं ताट घेतलेले गीतांजलीचे अण्णा, आणि सगळ्यांत शेवटी रामकिशन गुरुजी. कपाळाला विभूती, नाकावर गोल चष्मा, रेषही हलत नाही असा चेहरा.

कावेरीबाईंनी आपल्या नावाच्या गाईला ओळखलं आणि त्या खुदकन हसल्या. "ही मी का? अगं, काठ तर माझ्याच साडीसारखा!" बायका हसल्या. गुरुजी हसले नाहीत. पेपर तपासावेत तसे ते एकेक प्राणी बघत सरकत होते. घोडा. हरिणी. मग पहिल्या रांगेतला तो चष्मेवाला नंदी. गुरुजींनी नावाची चिठ्ठी वाचली.

"नंदी. बरं हाय," गुरुजी म्हणाले.

आणि तेवढ्यात कुणीतरी उकडतंय म्हणून पंखा लावला.

ओला कापूस आधी कडेनं सुटला. मग भुरकन उडाला आणि अण्णांच्या ताटात जाऊन पडला. तोंडही गळून पडलं. खाली पिसं. पिसांच्या वर चोच.

गुरुजी वाकले. जवळून पाहिलं.

"नंदीला पिसं असतात? कुणी केलं हे?"

"मी केलं, काका," अमरेश पुढं झाला. "ह्यांचा काही दोष न्हाई. मीच केलं."

बायकांत कुजबूज उठली. नवरदेवाचा भाऊ, आणि नवरीकडचं रुखवत करतो? कावेरीबाई पोराकडं बघतच राहिल्या. गुरुजींचे डोळे चष्म्याआडून अमरेशवर रोखलेले. त्या नजरेपुढं तो घामानं भिजला, पण जागचा हलला नाही. गप्प राहायला गीतांजलीला तेवढं निमित्त पुरेसं होतं. कुणी तिला विचारलंही नसतं. पण आपल्यापायी तो गुन्हेगार ठरतोय, हे तिला बघवेना.

"ते खोटं बोलून राहिले." ती अमरेशच्या पुढं आली. "घुबड मी केलं, गुरुजी. ताईला ठाऊकसुद्धा न्हाई. एका व्हिडिओत घुबड गुरुजी होतं, चष्मा लावून शिकवत होतं. मला वाटलं, शिकवणारा माणूस, हुशार... म्हणून तुम्हाला केलं. शाळेत पोरं तुम्हाला काय म्हणायची, ते आत्ता कळलं मला. मग भिऊन झाकलं. मला काय बोलायचं ते बोला. माझ्या ताईचं लग्न मोडू नका..."

अण्णांच्या हातातलं ताट वाजत होतं.

गुरुजींनी बोटानं त्या तारेच्या चष्म्याला हात लावला. मग स्वतःचा चष्मा काढून पुसला.

"छत्तीस वर्षं पोरं मला घुबड म्हणायची. भिऊन म्हणायची," ते म्हणाले. "ह्याला बघून कुणी भिणार न्हाई. उरलेला कापूस बी काढ ह्याचा."

"पर गुरुजी," आत्याच्यानं राहवेना, "लग्नात घुबड म्हणजे अपशकुन..."

"घुबड सुपारीलाच येऊन गेलं, बाई. काय वाईट झालं?"

आधी कावेरीबाईंना हसू फुटलं, मग सगळ्या खोलीला. अण्णा ताट खाली ठेवून डोळे पुसायला लागले. गुरुजी दारापाशी थांबले. "अमऱ्या, खोटं कामून बोललास?"

"ही भिऊन राहिली होती, काका. मला... बघवलं न्हाई."

गुरुजींनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. "अक्षता पडू द्या आधी," एवढं बोलून ते गेले.

अक्षता पडल्या. ताई हसली. खरोखर, दात दिसतील अशी हसली आणि गीतांजलीच्या डोक्यावरचं दोन वर्षांचं ओझं उतरलं. ती जेवणाच्या पंक्तीत वाढायला निघाली, तर वाटेत अमरेश उभा. हातात बुंदीचं ताट, आणि त्यातले दाणे टपाटपा खाली पडत होते.

"काका आईला काहीतरी म्हणले. आई तुमच्या अण्णांना विचारणार हाय. मी म्हणलो, थांब. आधी जिला विचारायचं तिला विचारतो."

गीतांजलीच्या पोटात पुन्हा गोळा आला. हा निराळाच गोळा होता. "मग?"

"मग... मला भ्या वाटून राहिलं."

"तुम्हाला? गुरुजींपुढं उभं राहिलात तेव्हा न्हाई वाटलं?"

"ते काय, रागावले असते, एक दिवस उन्हात उभं केलं असतं. तुम्ही न्हाई म्हणलात तर..."

तिनं खाली सांडलेले बुंदीचे दाणे पाहिले. भीती तिलाही वाटतच होती. इतके दिवस तिला वाटत होतं, भीती गेल्याशिवाय माणसानं पुढं पाऊल टाकू नये. भीती काही जाणार नव्हती. गीतांजलीनं ताटाची दुसरी कड धरली.

"विचारा," ती म्हणाली. "भीत भीतच विचारा. मीबी भीत भीतच हो म्हणते."