पहिली फेरी

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. मी तिथे होते. माझ्या हाताला ग्रीस होतं, ते साबणाने धुतलं तरी दोन दिवस निघालं नव्हतं.

आणि गोष्ट रात्रीचीही नाही. रविवारची दुपार होती. बाहेर इतकं ऊन की पत्र्याला हात लावला तर चटका बसावा. जागा म्हणजे माझ्या मामाच्या घरामागची शेड. ना वटवाघळं, ना पडकी विहीर. एक बाक, एक स्टूल, भिंतीला टांगलेले पाने आणि मधोमध मामाची मोटरसायकल.

मी दातांच्या दवाखान्यात काम करते. दिवसभर लोकांचं ओरडणं ऐकून माझे कान निबर झालेत. मी सहजासहजी घाबरत नाही.

त्या दुपारी घाबरले.

आई गेली तेव्हा मी लहान होते. मामा-मामीनेच मला वाढवलं. मामीचा मुलगा ढब्बू माझ्याहून धाकटा. त्याचं खरं नाव घरातही कुणी घेत नाही. मामा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, पण त्याचा जीव त्या गाडीत. गॅरेजवाल्याला त्याने कधी गाडीला हात लावू दिला नाही. ढब्बूला यात काडीचा रस नव्हता, त्यामुळे सगळं शिक्षण माझ्या वाट्याला आलं. एक्सल म्हणजे चाकाच्या मधून जाणारा लोखंडी दांडा. तो काढायचा, पुसायचा, काचेवर लोळवून वाकलाय का बघायचं, ग्रीसचा पातळ हात फिरवायचा. चुकलं की टपली.

मामाचा एक नियम होता. "जो उघडतो, तोच बंद करतो. आणि जो बंद करतो, पहिली फेरी त्याचीच."

अर्धं काम दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. आपण आवळलेल्या नटावर आधी आपला जीव टांगायचा, मग दुसऱ्याचा. त्या पहिल्या फेरीला मामी मात्र मागे हटकून असायची. केसांना निळा स्कार्फ बांधायची आणि तळ्यापर्यंत जाऊन यायची. आम्ही चिडवायचो, "मामी, जीव नकोसा झालाय का?" ती म्हणायची, "यांच्या हाताने पडले तर पडले."

गेल्या वर्षी एका सकाळी मामाने पुढचं चाक उघडलं. एक्सल साफ केला, ग्रीस लावलं, वर्तमानपत्रात गुंडाळून बाकावर ठेवला.

आणि तिथेच त्याच्या छातीत कळ आली.

गाडी तशीच राहिली. मेन स्टँडवर, खाली लाकडाचा ठोकळा, पुढे चाक नाही. मामी तिच्याशेजारी स्टूल टाकून बसायला लागली. आधी तासभर, मग दिवसभर. ताटही तिकडेच नेऊ लागली, आणि बरेचदा तसंच परत आणू लागली. अंगावरचे कपडे तिला सैल व्हायला लागले. शेवटी ढब्बूचा फोन आला.

"ताई, आई हातची जाईल गं. काल शेडमध्ये ती कुणाशी तरी बोलत होती."

"कुणाशी?"

"कुणी नव्हतं. म्हणून तर तुला फोन केला."

आम्ही ठरवलं. चाक बसवायचं, गाडी ढब्बूने कामावर न्यायची. गाडीच तिथे नसली की मामी कशापाशी बसेल? आमचं डोकं एवढंच चाललं.

मी सकाळच्या बसने पोचले. ढब्बूने प्लग साफ करून, पेट्रोल घालून ठेवलं होतं. मामीला आम्ही आमचा बेत सांगितला. ती नको म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "पण ते यांनी उघडलंय."

"म्हणून काय तसंच ठेवायचं?" मी जरा चिडूनच बोलले.



मी शेडकडे निघाले तेव्हाच पहिला आवाज आला.

खस्स... खस्स... खस्स...

हा आवाज मला पाठ होता. मामाच्या गाडीचं पुढचं चाक फिरलं की ब्रेकचा शू एका जागी घासायचा. मी दार ढकललं.

चाक जमिनीवर होतं. गोणपाटावर, आडवं.

शेजारी कुणी तरी काही घासत असेल, असं म्हणून मी कामाला लागले. कागद सोडला. वर्तमानपत्र गेल्या वर्षीचं, पिवळं पडलेलं. वर्षभरात ग्रीसवर धूळ बसायला हवी होती, ते वाळायला हवं होतं.

ते ताजं होतं. नुकतंच बोटाने फिरवल्यासारखं.

मामी हात लावत असेल. बाईमाणूस, आठवण म्हणून... असं मीच मला समजावलं. एक्सल काचेवर लोळवला. सरळ होता. चाक धरलं, बुश म्हणजे एक्सलवरची लोखंडी नळी लावली, एक्सल आत सरकवला. पाना उजवीकडे ठेवला आणि नट घ्यायला वळले.

परत हात टाकला तर पाना नाही.

तो डावीकडे होता.

ठेवला असेन मीच. नट आवळला. पाना पुन्हा उजवीकडे ठेवला, या वेळी नीट बघून. स्प्लिट पिन शोधली. ही पिन नटाच्या भोकात घालून तिचे पाय वाकवायचे, म्हणजे नट सुटत नाही. पिन घातली, एक पाय वर, एक खाली वाकवला. पक्कड ठेवायला खाली पाहिलं.

पाना डावीकडे.

माझा मामा डावखुरा होता.

मी उठले. पळाले नाही हं, चालत गेले. स्वयंपाकघरात मामी चहा टाकत होती. ढब्बू म्हणाला, "झालं?"

"झालं. चहा घेते, मग पहिली फेरी मारून येते."

मामीने माझ्याकडे असं पाहिलं की मी कप खाली ठेवला.

तेवढ्यात मागून आवाज आला. खस्स... खस्स... आणि मग धप्प.

ढब्बू आणि मी धावलो. चाक पुन्हा गोणपाटावर आडवं. स्प्लिट पिन सरळ करून बाकावर ठेवलेली. आणि एक्सल...

एक्सल त्या पिवळ्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता.

"ताई, तू बसवलंच नव्हतंस," ढब्बू म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

"मी काय झोपेत होते?" मी त्याच्यावर खेकसले. भीती वाटली की मला राग येतो, हा माझा जुना स्वभाव आहे. तसाच राग मग त्या रिकाम्या शेडवर निघाला. "मामा, पुरे झालं! मामी वाळून चाललीय इथे बसून. तुला बंद करायचंय ना? मग कर एकदाचं बंद, आणि सोड तिला!"

काहीच झालं नाही. पत्रा उन्हाने कडकड वाजला, इतकंच.

शेडला एकच दार. मी बाहेरून कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, आणि आम्ही स्वयंपाकघरात येऊन बसलो. चहावर साय धरली.

किर्र... किर्र...

पाना फिरत होता. शांतपणे, घाई न करता. मामाच्याच लयीत, थोडं आवळायचं, थांबायचं, पुन्हा आवळायचं.

ढब्बूने माझा हात घट्ट धरला. मामीने गॅस बंद केला. तोंड धुतलं, पदराला पुसलं.

"हे आलेत," ती म्हणाली. दूधवाला आलाय म्हणावं, इतक्या सहज.

"मामी... तुला आधीपासून ऐकू येतं हे?"

"रोज येतात. ग्रीस लावतात, गुंडाळून ठेवतात. पण बंद करत नव्हते. मी म्हणायचे, करा की. तर म्हणायचे, तू तयार आहेस का?" ती उठली. "आज तू ओरडलीस म्हणून ऐकलं वाटतं."

ती आतल्या खोलीत गेली. मला वाटलं, रडायला गेली असेल. मीही जाऊ दिलं.

आवाज थांबला. आम्ही दोघांनी जाऊन कुलूप काढलं. चाक बसलेलं होतं. नट आवळलेला. पिनचे दोन्ही पाय डावीकडे वळवलेले, मामा वळवायचा तसे. मी चाक फिरवलं. ते छान फिरलं, आणि खस्स आवाजसुद्धा आला नाही. तोही त्याने काढून टाकला होता.

ढब्बू लहान मुलासारखा रडला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, सुटला बिचारा. अडकलेलं काम संपवलं आणि सुटला.

नियमाचा दुसरा अर्धा भाग मला तेव्हा आठवला नाही.

आम्ही पुढच्या अंगणात आलो, नळावर हात धुवायला लागलो... आणि मागे किक बसली. एकदा. दोनदा. इंजिन सुरू झालं.

मी ढब्बूकडे पाहिलं. तो माझ्यासमोरच होता, कोपरापर्यंत साबण.

शेडचं दार उघडं होतं. गाडी नव्हती. मामी घरात नव्हती. मामीला सायकलसुद्धा येत नाही.

आम्ही रस्त्यावर धावलो. कोपऱ्यावरचा शिंपी मशीनवर बसला होता. मी धापा टाकत विचारलं, मामी दिसली का?

"आत्ताच गेल्या की गाडीवरून. मागे बसल्या होत्या. मला हातसुद्धा केला."

"पुढे कोण होतं?"

त्याने तोंड उघडलं. मग ते तसंच राहिलं.

"पुढे..." तो म्हणाला. "मी त्यांच्याकडेच बघत होतो हो. पुढे... ते काही ध्यानात येत नाही बघा. पण मागेच बसल्या होत्या, एवढं खरं."

ऊन उतरेपर्यंत आम्ही शोधत होतो. तळ्यावर जाऊन आलो. घरी परतलो तर गाडी शेडमध्ये, मेन स्टँडवर. इंजिन तापलेलं, टिक टिक करत निवत होतं. मागची दोन्ही पायदानं उघडी. मामी स्टुलावर बसून निळा स्कार्फ सोडत होती. गालांवर कित्येक महिन्यांनी रंग होता.

मी तिला मिठी मारली आणि मग भांडले. कुठे होतीस? कुणाबरोबर गेलीस? ती हसत होती.

"तळ्यापर्यंतच नेलं गं. पहिली फेरी ना." मग माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली, "पुढच्या वेळी लांब जाऊ म्हणाले."

त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली. पुढचे काही महिने ठणठणीत होती. ढब्बू गाडी कामावर नेऊ लागला, शेडमध्ये कुणी बसेनासं झालं. आम्ही दोघांनी त्या दुपारचा विषय कधी काढला नाही. मामी बरी आहे ना, मग झाकली मूठ सव्वा लाखाची. 'पुढच्या वेळी' हे शब्द मी विसरले होते असं मात्र मी म्हणणार नाही.

आज सकाळी मामीचा फोन आला.

आवाज लग्नाला निघालेल्या माणसासारखा. "ढब्बू आज बसने गेला गं कामावर. गाडीचं पुढचं चाक निघालंय."

"कुणी काढलं?"

"कोण काढणार? यांनीच."

मी म्हटलं, मामी, ऐक. शेडला कुलूप लाव, शिंप्याच्या दुकानात जाऊन बस, मी निघालेच. ती म्हणाली, "ये की. सावकाश ये. डब्यात चिवडा आहे, ढब्बूला दे."

"मामी, तू काय करतेयस आत्ता?"

"काही नाही. स्कार्फ बांधतेय."

आणि तिच्या मागून...

किर्र... किर्र...

मग तो आवाज थांबला.

"झालं वाटतं त्यांचं," मामी म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी हे बसमध्ये बसून लिहितेय. हातांना काही तरी काम हवं म्हणून. ढब्बू आत्ताच घरी पोचला. शेडचं कुलूप बाहेरून लावलेलंच आहे, म्हणतो. फटीतून पाहिलं, आत गाडी नाही. शिंप्याने या वेळी कुणालाच जाताना पाहिलं नाही. तळ्यावरही कुणी नाही.

ढब्बू सारखा फोन करतोय. ताई, सांग ना, कुठल्या रस्त्याने शोधू?

लांब म्हणजे कुठे, हे मी मामीला तेव्हा विचारलंच नव्हतं.