चार नंबरचं पॅनेल

"त्या इंजिनिअरने माझ्या पोराचं वाटोळं केलं," म्हातारे फोरमन खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले.

वहिनींनी त्यांना पाणी दिलं. खाजगी तपास करणाऱ्या या बाईंना सगळेच वहिनी म्हणत. हक्काचा दीर मात्र एकच. हे भावजी बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याबरोबर हिंडत आणि प्रत्येक प्रकरणात चहा निवायच्या आत चुकीच्या माणसाला फासावर देत. गाडी मात्र चांगली चालवत.

हकिगत साधी होती. कारखान्याच्या स्विचरूममध्ये जुन्या लोखंडी पॅनेलांत नवे ब्रेकर बसवले जात होते. ब्रेकर म्हणजे चाकांवरची जड पेटी. ती पॅनेलच्या कपाटात ढकलली, की मागच्या वीज वाहणाऱ्या पट्ट्यांना भिडते. ढकलताना ती ऑफ असलीच पाहिजे. चार नंबरच्या पॅनेलमध्ये फोरमनच्या मुलाने ढकललेला ब्रेकर ऑन होता. जाळाचा लोळ बाहेर आला. मुलगा वाचला, पण दोन्ही हात आणि मान भाजली.

"कंपनीचा रिपोर्ट तयार आहे. फिटरचा निष्काळजीपणा," फोरमन म्हणाले. "तो वर गेला की पोराचा परवाना रद्द. मग त्याला साधा बल्ब बदलायलाही कुणी बोलावणार नाही. अहो, जन्मभर ती खोली मी सांभाळली. किल्ली माझ्या कमरेला. माझ्या नकळत तिथे झुरळ शिरलं नाही. बाकीच्या पॅनेलांत ब्रेकर ढकलताना लोकांना घाम फुटायचा, चार नंबर माझ्या हाताखाली सुळकन जायचं. त्या पॅनेलला दोष देऊ नका."

"इंजिनिअरच," भावजी जिन्यात म्हणाले.

"अजून त्याचं तोंडही पाहिलं नाही आपण."

"म्हणून तर माझं मन स्वच्छ आहे."

इस्पितळात मुलगा बँडेजांत पडला होता. बायको उशाशी बसली होती.

"माझीच चूक," तो म्हणाला. "ब्रेकरवर ऑनची लाल खूण होती, मी बघितली नाही. संपलं."

"ऑन कुणी ठेवला?"

"इंजिनिअरसाहेबांनी तपासणीसाठी केला होता. पण आत घालण्याआधी बघायचं काम माझं."

"तुम्ही भांडत का नाही?"

"एक करा. बाबांना त्या खोलीत जाऊ देऊ नका."

"का?"

"म्हातारं माणूस. त्रास होईल."

"स्वतःचा परवाना चाललाय," बायको पुटपुटली, "आणि काळजी बाबांची."

स्विचरूममध्ये अजून जळक्या रबराचा वास होता. इंजिनिअर कोवळा होता, झोप न झालेला.

"ऑन केल्याशिवाय तपासणी होत नाही," तो म्हणाला. "परत ऑफ केला असं मला वाटत होतं. केला नव्हता. तसं मी रिपोर्टमध्ये लिहिलं होतं. वरच्यांनी ते वाक्य गाळलं."

भावजींचा चेहरा पडला. आयता गुन्हेगार स्वतःच कबुली देतो, म्हणजे मजाच गेली.

"पण तरीही हे व्हायला नको होतं," इंजिनिअर पुढे म्हणाला. "पॅनेलच्या तळाला एक लोखंडी पाचर असते. ब्रेकर चुकून ऑन राहिला, तर ती त्याच्या पोटाखालचा लिव्हर उचलते आणि पट्ट्यांना भिडायच्या आत तो ऑफ होतो. नव्या ब्रेकरलाही तो लिव्हर आहे. मापं मीच घेतली."

"चार नंबरची पाचर बघितली होती?"

"तीन नंबरची बघितली. सगळी पॅनेलं एकाच घडणीची आहेत, म्हणून..."

वहिनी सरळ फरशीवर बसल्या आणि रुमालाने चार नंबरच्या तळाची काजळी पुसू लागल्या. पाचर नव्हती. बोल्टची दोन रिकामी भोकं होती.

"नवा ब्रेकर बसेना, म्हणून यानेच काढली," भावजी कानाशी कुजबुजले.

वहिनींनी केसातली पिन काढून भोकात फिरवली. पिनेच्या टोकाला करड्या रंगाची खपली आली. मुलाचा जोडीदार फिटर दाराशी उभा होता.

"इथे रंग कधी दिला?"

"फोरमनसाहेब रिटायर झाले, त्याच्या आदल्या वर्षी. नंतर ब्रश लागलाच नाही."

"आणि ब्रेकर ढकलायला ही पॅनेलं कशी?"

"शेवटी खांदा लावावा लागतो. चार नंबर तेवढं हलकं. पहिल्यापासून गुणी."

संध्याकाळी वहिनींनी इंजिनिअरला इस्पितळात बोलावलं. फोरमन आधीच आलेले होते. सून नवऱ्याला सूप भरवत होती.

"चूक दोघांची झाली," वहिनी म्हणाल्या. "एकाने ब्रेकर ऑन ठेवला, तसं लिहिलंही, पण वरच्यांनी ते वाक्य गाळलं; दुसऱ्याने बघितला नाही. माणसं अशी चुकतात, म्हणूनच ती पाचर असते. ती काढली कुणी? भोकांच्या आत जुना रंग आहे. बोल्ट जागेवर असते तर रंग आत गेला नसता. म्हणजे पाचर रंगाच्या आधी गेली. हे इंजिनिअर तेव्हा शाळेत होते."

वहिनी फोरमनकडे वळल्या.

"लिव्हर पाचरीवर चढतो, म्हणून बाकीची पॅनेलं जड जातात. चार नंबरमध्ये चढायला काही नव्हतंच. त्याचं कौतुक मी तुमच्या तोंडूनच ऐकलं, फोरमन. आणि किल्लीही तुमच्याच कमरेला."

"लिव्हर वाकला होता," म्हातारे म्हणाले. "ब्रेकर अडकून बसला. कारखाना बंद, साहेब डोक्यावर उभे. दोन बोल्ट काढले. लावीन म्हटलं सावकाश. मग ते इतकं सुरेख चालायला लागलं..."

"तुमच्या हातात ब्रेकर नेहमी ऑफच आला. ऑन आला तो याच्या हातात."

"कुणी सांगितलं होतं हे खणून काढायला?" मुलगा बापावर ओरडला. "पडलो तेव्हा ती भोकं माझ्या डोळ्यांसमोर होती. कळलं होतं मला. गप्प बसलो होतो ना?"

सकाळी इंजिनिअरच्या नावाने न्याय मागायला आलेले फोरमन आता जमिनीकडे बघत होते.

"रिपोर्ट..." ते म्हणाले. "आहे तसाच राहू दे. पोराचीही ना नाही. निवृत्त माणसाचं नाव आता कशाला."

भावजींना पहिल्यांदाच कुणाला फासावर द्यावं ते सुचेना.

सून उठली. तिने सुपाची वाटी सासऱ्यांच्या हातात दिली.

"बाबा, आता तुम्ही भरवा. रोज." मग ती इंजिनिअरकडे वळली. "चला. तुमचं गाळलेलं वाक्य परत लिहा, पाचरीचं मी लिहिते."

दोघं गेली. म्हाताऱ्यांनी चमचा उचलला. सूप चादरीवर सांडत होतं. मुलगा भिंतीकडे बघत होता. पण त्याला भूक लागली होती, आणि त्याने तोंड उघडलं.