मागे कोण थांबणार

हातांच्या व्यायामाची खोली रुग्णालयाच्या तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या विभागाला लागून होती. त्यामुळे तिथे कायम साबणाचा आणि ओल्या चादरींचा वास यायचा, आणि भिंतीपलीकडची मशिनं फिरायला लागली की टेबलावरचे पेले थरथरायचे. खोलीत स्पंजचे चेंडू होते, रबराचे पट्टे होते, कपड्यांच्या चिमट्यांनी भरलेला डबा होता. चिमटे दोरीला लावायचे, काढायचे, पुन्हा लावायचे. सांगणारा सांगून दमतो आणि करणारा त्याच्या आधीच कंटाळतो, असा हा सगळा उद्योग.

तो उद्योग चालवणाऱ्या थेरपिस्टना सगळे ताई म्हणायचे, अगदी त्यांच्या दुप्पट वयाचे पेशंटसुद्धा. ताई हट्टी होत्या. बोट हलत नाही म्हणजे काय, हललंच पाहिजे, असा त्यांचा एकूण खाक्या. चिमट्यांनी काम भागेना, तेव्हा त्यांनी घरचा माळा उपसून शाळेच्या वयातला आपला कॉम्प्युटर काढला आणि टॅक्सीत घालून आणला. मागे भलंमोठं पोट असलेला मॉनिटर आणि पिवळा पडलेला कीबोर्ड. त्या कीबोर्डची बटणं इतकी जड की दाबायला बोटात खरा जोर लागायचा, आणि ताईंना नेमका तोच हवा होता.

हे झालं वरिष्ठांना सांगितलेलं कारण. खरं कारण असं, की त्या कॉम्प्युटरमध्ये एक गेम होता, ज्याच्यावर ताईंनी आणि त्यांच्या दादाने अख्ख्या सुट्ट्या उधळल्या होत्या. तो एकदा तरी कोणाला तरी दाखवावा आणि त्यालाही तो मनापासून आवडावा, ही त्यांची फार जुनी इच्छा. आजवर ज्याला दाखवला त्याने दोन मिनिटं बघून खिशातला मोबाइल काढला होता.

दुपारच्या गटात तिघं होते. ड्रायव्हरबाई शहर बस चालवायच्या. त्यांचं मोडलेलं मनगट जुळलं होतं, पण पकड गेली होती. टेलरमास्तरांच्या अंगठ्याची शीर त्यांच्याच कात्रीने तुटली होती. तिसरे बेकरीवाले काका. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा उजवा हात मांडीवर पडून असायचा, आणि काका त्याच्याकडे दुसऱ्याचा असल्यासारखं बघायचे. डॉक्टरांनी ताईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की बोटं हलायची असतील तर या दिवसांतच हलतील, पुढे कठीण आहे. काका मात्र प्रयत्नच करत नव्हते. काकू रोज त्यांना आणून सोडायच्या, बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या आणि शेवटी दारात येऊन "अहो, चला" म्हणायच्या. एवढं ऐकलं की काका उठायचे. बाकी कशाने म्हणून ते हलत नसत.

"यात गोळ्या नाही झाडायच्या?" पहिल्या दिवशी ड्रायव्हरबाईंनी विचारलं.

"नाही. चौघांनी मिळून भुयारात खाली जायचं आणि पलीकडून वर यायचं."

"बस, एवढंच?"

"एवढंच. पण वर येईपर्यंत ते चौघं तुमचे झालेले असतात," ताई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी मनात बरीच वर्षं तयार ठेवलं होतं.

स्क्रीनवर सगळं चौकोनांचं जग होतं. माणसं म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या आकृत्या. खाली इंग्रजीत एखादी ओळ उमटायची, ती ताई वाचून सांगायच्या. प्रत्येकाने आपापला माणूस तयार करायचा होता. टेलरमास्तरांनी योद्धा घेतला आणि चिलखत खांद्यात ढगळ आहे म्हणून दोन दिवस कुरकुर केली. ड्रायव्हरबाईंनी चोर घेतला. सरकारी नोकरीत तेवढं करायचं राहून गेलं, म्हणाल्या. काका काहीच बोलले नाहीत, म्हणून ताईंनी त्यांना वैद्य केलं. चौथा गडी सरायखान्यातून भाड्याने घ्यायचा असायचा. तो मशालजी, मशाल खांद्याच्या वर धरून चालणारा. तो नसला तर भुयारात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. त्याला बोलतं केलं तर तो एकच वाक्य बोलायचा, "चला, उजेड आहे."

आणि काय सांगावं, गडी रंगले. ड्रायव्हरबाई लवकर येऊन खुर्ची अडवायला लागल्या. टेलरमास्तर अंगठ्याने बटण दाबताना जीभ बाहेर काढायचे आणि आठ पायांच्या कोळ्यांच्या राणीला मनसोक्त शिव्या द्यायचे. वैद्याची पाळी आली की काका डावा हात पुढे करायचे. "डावा खिशात, काका," ताई म्हणायच्या आणि त्यांचा उजवा हात उचलून कीबोर्डवर ठेवायच्या. काका मनगट टेकवून, सगळा खांदा लोटून कसंबसं बटण दाबायचे. बोटं हलत नव्हती, पण त्यांचे डोळे आता हाताकडे नसायचे, स्क्रीनकडे असायचे. ताईंना तेवढंही पुष्कळ होतं. रात्री त्यांनी दादाला फोन करून सांगितलंसुद्धा, की अरे, लोकांना आवडतोय.

मग ते सगळ्यात खालच्या मजल्यावर पोचले.

तिथे दगडी दार होतं आणि दारासमोर एक फरशी. फरशीवर कोणी उभं राहिलं की दार वर जायचं, आणि तिथून हललं की खाली यायचं. ओझं ठेवून भागत नसे, फरशीला माणूसच लागायचा.

"इथे मशालजीला उभं करायचं," ताई म्हणाल्या. "बाकीचे तिघं पलीकडे गेले की समोर उजेडच आहे. झाला गेम."

"आणि तो?"

"तो राहतो. तो त्यासाठीच असतो. सगळे असंच करतात."

कोणीच बटण दाबलं नाही. पलीकडची मशिनं फिरत होती आणि पेले थरथरत होते.

"माझ्या गाडीत चढलेला माणूस मी शेवटच्या स्टॉपवर उतरवते, ताई," ड्रायव्हरबाई म्हणाल्या. "मध्येच अंधारात नाही सोडून देत."

"अहो, माणूस कुठला, चार ठिपके आहेत ते."

"मग ठिपके सोडा म्हणा. तुम्ही मशालजीला सोडा म्हणताय."

ताईंना हसू आलं, पण हसावं अशी कोणाची चर्या नव्हती. तेवढ्यात काका बोलले. त्या खोलीत ते आपण होऊन पहिल्यांदाच बोलत होते.

"त्याला विचारलंत का?"

ताईंनी विचारायचं बटण दाबलं. 'चला, उजेड आहे.' त्या म्हणाल्या, बघा, त्याला एवढंच येतं. काकांनी मान हलवली आणि मनगट टेकवून स्वतः पुन्हा बटण दाबलं.

खाली नवी ओळ उमटली. ताईंनी ती वाचली आणि पुन्हा एकदा वाचली.

"काय म्हणतोय?" टेलरमास्तरांनी विचारलं.

"म्हणतोय, मागच्या वेळी विचारलं नव्हतंत."

जुन्या गेममध्ये असे कानेकोपरे असतात. सगळं बघून झालं असं वाटतं आणि वीस वर्षांनी एखादी चोरकप्प्यातली ओळ सापडते. ताईंनी मनाची अशी समजूत घातली आणि ती त्यांना पटलीही. दादाला मात्र त्यांनी हे सांगितलं नाही.

त्या दिवशी तिघांनी निश्चय केला, की बाहेर जायचं तर सगळ्यांनी. त्यांनी फरशीवर पोती ठेवली, पुतळे ढकलत आणले, मारलेला राक्षस फरफटवत आणून पाहिला. ताई आधी वैतागल्या, असं काही चालत नाही म्हणून सांगत राहिल्या, आणि मग कधीतरी त्याच खुर्ची ओढून पुढे बसल्या. इतकी वर्षं त्यांना स्वतःला हे सुचलं नव्हतं. नवख्या माणसांनी त्यांच्याच गेमला त्यांच्याहून जास्त जीव लावला होता, आणि त्याचा त्यांना अभिमान वाटत होता. आता माघार नाही, असं त्यांनीच जाहीर केलं.

खोलीतला साबणाचा वास त्याच दिवसांत मागे पडला. त्याच्या जागी जळक्या तेलाचा वास यायला लागला. कॉम्प्युटर तापत असेल म्हणून ताईंनी मागची जाळी उघडून पाहिली. आत काहीच जळालेलं नव्हतं. टेलरमास्तर खेळून उठले की बोटं रुमालाला पुसायचे आणि रुमालावर काळं उमटायचं. काजळीच होती ती. बटणं पुसून घेतली तरी दुसऱ्या दिवशी तेच.

मशालजी चालताना सगळ्यांच्या मागे असायचा, गेमची रचनाच तशी होती. आता थांबलं की तो वैद्याच्या शेजारी येऊन उभा राहायचा. ताईंनी त्याला बटणं दाबून मागे नेलं. नजर दुसरीकडे गेली की तो पुन्हा वैद्यापाशी आलेला असायचा.

काका त्याच्याशी बोलायला लागले होते. हळू आवाजात, बटण न दाबताच.

"काय बोलता हो त्याच्याशी?" ड्रायव्हरबाईंनी एकदा विचारलं.

"पाय दुखतात म्हणाला," काका म्हणाले. "उभं राहून."

काकांच्या उजव्या हाताची करंगळी त्या वेळी किंचित हलली. ताईंनी ती पाहिली आणि त्यांना बाकी कशाचं भान राहिलं नाही. हलली म्हणजे हलणार, सगळी बोटं हलणार. हे सोडायचं नाही, काहीही होवो, असं त्यांनी पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा दारापुढे आले. करून बघण्यासारखं काही शिल्लक राहिलं नव्हतं. ड्रायव्हरबाईंनी चोराला उगाच फरशीभोवती फिरवलं.

तेव्हा खाली आपोआप एक ओळ आली.

"काय म्हणतोय?"

"विचारतोय, मागे कोण थांबणार."

हा प्रश्न गेममध्ये नव्हता. ताईंना गेम तोंडपाठ होता.

"मी थांबतो," काका म्हणाले.

"काका, नको," ड्रायव्हरबाई म्हणाल्या. "आपण सगळ्यांनी जायचं ठरलंय."

"तो इतकी वर्षं उभा आहे. त्याला जाऊ दे. मला तरी आता बाहेर काय काम आहे?"

"काकू बसल्यात की बाहेर."

काकांनी खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं. पण मग त्यांनी उजवा हात उचलला, स्वतः उचलला, कोणी न धरता. बोटं एकेक करून उघडली. तर्जनी सरळ झाली आणि बटणावर पडली.

टक्.

वैद्य फरशीवर जाऊन उभा राहिला. दार वर गेलं.

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना दार दिसत नव्हतं, ते बोट दिसत होतं. इतक्या दिवसांची मेहनत त्या एका बोटात आली होती.

योद्धा पलीकडे गेला. चोर गेला. मशालजी उंबऱ्याशी जरासा थांबला आणि मग गेला.

स्क्रीन पांढरी झाली. उजेडात तीन आकृत्या उभ्या होत्या.

पलीकडची मशिनं बंद पडली असावीत. पेले अगदी स्थिर होते.

टेलरमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. ताई वळल्या आणि त्यांनी शेजारच्या माणसाचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. हात गरम होता, खडबडीत, भाजल्याच्या जुन्या डागांनी भरलेला. भट्टीपुढे जन्म गेल्यावर असाच होणार, त्यांना वाटलं. डाग आधी कसे दिसले नाहीत, हेही त्यांना वाटलं, पण आनंदात ते वाहून गेलं.

"उघडा बघू. मिटा. पुन्हा उघडा."

मूठ घट्ट होती. ती उघडत नव्हती, पण जोर मात्र विलक्षण होता.

तो माणूस छताकडे बघत होता. ट्यूबलाइटकडे बघून त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"इथे उजेड कुठून येतो?" त्याने विचारलं.

ड्रायव्हरबाई हसल्या. काकांना आज थट्टा सुचतेय म्हणाल्या. टेलरमास्तरही हसले. दोघांनी एकमेकांना उद्या कोणता गेम लावायचा ते विचारलं आणि पिशव्या उचलून ते निघून गेले.

काकू दारात आल्या. "अहो, चला."

तो माणूस जागचा हलला नाही.

"हाताला जोर आला, काकू," ताई म्हणाल्या. "बोटं स्वतःची स्वतः उघडली आज. मी डोळ्यांनी पाहिलं."

"हो का?" काकू म्हणाल्या. आनंदाची बातमी होती, म्हणून त्या हसल्या. मग त्याच्याकडे बघत राहिल्या. काहीतरी विचारायचं होतं, पण ते नेमकं काय, हे त्यांना आठवत नसावं. ताईंनाही एकदम वाटलं, की आपणही काहीतरी विचारायला हवं. मग तेही राहून गेलं.

शेवटी तो उठला आणि बाहेर निघाला. काकूंची वाट न बघता, मूठ खांद्याच्या वर धरून. काकू त्याच्या मागून दोन पावलं गेल्या.

ताई टेबल आवरायला वळल्या. उजेडाचं चित्र संपलं की गेम नेहमी पहिल्या पानावर यायचा. आज तो परत भुयारात गेला होता. दार वर होतं आणि फरशीवर वैद्य उभा होता. जुनं मशीन आहे, अडकलं असेल. त्यांनी कॉम्प्युटर बंद करायला भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

"अहो," बाहेरून काकूंनी हाक मारली.

व्हरांड्यातला माणूस चालत राहिला. काकू तिथेच थांबल्या. त्यांनी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने, आणि या वेळी त्यांचं तोंड व्हरांड्याकडे नव्हतं, खोलीकडे होतं.

"अहो."

कीबोर्डवर कोणाचाच हात नव्हता. फरशीवरच्या आकृतीने दाराकडे एक पाऊल टाकलं. दार खाली येऊ लागलं.

आकृती घाईने मागे सरली आणि फरशीवर जाऊन पुन्हा उभी राहिली.